नितेश डोसचा शोध

६ जानेवारी, सोमवार
आजपासून रोज डायरी. थोर शास्त्रज्ञांना सवय असते.
माधुरी मॅडमनी (माझ्या पीएचडीच्या गाईड) अल्टिमेटम दिला. २० तारखेच्या रिव्ह्यूपर्यंत मेंढीच्या अंडपेशी हार्मोन देऊन लॅबमध्ये सत्तर टक्के पक्व झाल्या पाहिजेत, नाहीतर विषय श्रुतिकाकडे. श्रुतिका माझी ज्युनियर! मला हसूच आलं. सत्तर काय, नव्वद देतो. आतापर्यंतचा उच्चांक नऊ. पण ती सुरुवात होती. तीन वर्षांची.

७ जानेवारी, सकाळी ८
मानखुर्दच्या पुढच्या कत्तलखान्यातून मेंढीची अंडाशयं आणली. सलाईनच्या पिशवीत, पिशवी थर्मासात. मॅडमच्या कागदावर लिहिलंय, थर्मासात कोमट पाणी भरा. कोमट! मॅडम शाकाहारी, त्यांना ताजेपणा काय कळणार? आम्ही कोळी. माल बर्फात राहतो, विषय संपला. नेहमीसारखा अंधेरीच्या मासळी मार्केटात आईच्या ओट्यावर थांबून थर्मास बर्फाने गच्च भरला. आईने विचारलं, आत काय आहे. मेंढीची अंडी म्हटल्यावर शेजारच्या सुगंधामावशीला म्हणाली, पोरगा शिकून शिकून वाया गेला.

८ जानेवारी
चोवीस तासांनी मायक्रोस्कोप. पेशी पक्व झाली की कडेला बारीक ठिपका दिसतो. पेशी चाळीस, ठिपके तीन. तिसरा बहुतेक धूळ.
दोष हार्मोनचा. डोस फारच कंजूष. उद्या दुप्पट.

१० जानेवारी
दुप्पट केला. ठिपके दोन. आता पाचपट.
श्रुतिकाने विचारलं, वाटेत टेम्परेचर मोजतोस ना? म्हटलं, तू आपले उंदीर सांभाळ. नंतर वाईट वाटलं. पाच मिनिटं.

१६ जानेवारी, १०:०५
झकास!!! कालच्या बॅचमध्ये चाळीसपैकी बत्तीस! ऐंशी टक्के! तीनदा मोजले. शिपाई धोंडूकाकांना मिठी मारली, ते घाबरले. पाचपट डोसची कमाल. नाव ठरलं: नितेश डोस. तुलनेसाठी बिनहार्मोनची बशी ठेवायची असते, ती ठेवली नव्हती. खात्री असताना बशी कशाला धुवायची?

१०:४०
मॅडम म्हणाल्या, रिव्ह्यूत सगळ्यांसमोर परत करून दाखव. म्हटलं, डोळे मिटून.

१८ जानेवारी
प्रयोग नाही. ब्लेझर घेतला. मनोरीच्या मामांना फोनवर सगळं समजावलं. त्यांनी विचारलं, या मेंढ्या दूध किती देतील.

१९ जानेवारी, रविवार
उद्यासाठी माल आणला. आज रिस्क नको, म्हणून स्वतः उभं राहून दुप्पट बर्फ भरला. चहालासुद्धा गेलो नाही.

२० जानेवारी, दुपार
चाळीसपैकी शून्य. धूळसुद्धा नाही.

संध्याकाळ
ब्लेझर घालूनच आईच्या ओट्यावर जाऊन बसलो. रडलो. म्हटलं, बुधवारी जमलं होतं गं, आज काय वाट लागली कळत नाही. आईने हातातलं पापलेट खाली ठेवलं. मग म्हणाली, रागावू नको. बुधवारी गिऱ्हाइकांची झुंबड होती, तिचा बर्फ संपला. मी चहाला गेलो तेव्हा तिने माझा बर्फ काढून पापलेटांवर टाकला. पोराला रिकामा थर्मास कसा द्यायचा, म्हणून चहावाल्याकडून कोमट पाणी घेऊन भरलं.

२३ जानेवारी
विषय श्रुतिकाकडे. कोमट पाणी, नेहमीचा डोस, चाळीसपैकी चौतीस. मला थर्मास आणायचं काम.
श्रुतिका म्हणाली, पेपरच्या आभारात तुझ्या आईचं, मथुराबाईंचं नाव नक्की टाकू. मी विचारलं, आणि माझं? बघू म्हणाली.
आज मार्केटात आईने थर्मासाचं झाकण उघडलं, आत बोट बुडवलं, कोमट आहे म्हणाली आणि मला जाऊ दिलं.