सुई कुणामुळं हालली?

नवीन जालना,
१२ फेब्रुवारी १९७६

ती. अक्का आणि भाऊजी,
मच्छिंद्रचा दोघांच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

भाऊजींचा दमा थंडीबरोबर उतरला असेल अशी आशा करतो. माझी तब्येत बिलकुल ठीक आहे. फक्त झोप लागत नाही, घास उतरत नाही आणि दारात कुणी खाकरलं तरी दचकतो.

जमिनीचा बारीकसा हादराही कागदावर उमटवणारं यंत्र तुमच्या पुण्याच्या एका संशोधन संस्थेसाठी आपल्या कारखान्यात (भाऊजी त्याला पत्र्याचं शेड म्हणतात, म्हणोत) तयार झालं. त्यात केसासारखी बारीक तार गुंडाळायचं काम सत्यशीलाचं. तिला जन्मापासून दिसत नाही. जुळणी कचरूची, लहानपणीच पोलिओनं त्याचा एक पाय गेला. दोघांना कामावर ठेवलं तेव्हा लोक मला दानशूर म्हणाले. (कचरूची जीभ ऐकली असती तर नुसतं शूर म्हणाले असते.)

सोमवारी संस्थेचे साहेब तपासणीला आले. दोघांना पाहून त्यांचा चेहरा पडला. "काम फार नाजूक आहे हो," एवढंच म्हणाले. मंग यंत्र सुरू केलं, तर सुई वेड्यासारखी नाचायला लागली! साहेबांनी कचरूच्या कुबडीकडं पाहिलं आणि विचारलं, "हे जरा बाहेर बसतील का?" कचरू भडकला. "मी तर कवाचा स्टुलावर बसून राह्यलो! कुबडी भिंतीला टेकेल हाय!" यंत्र नापास झालं, शेडला कुलूप लागलं, हे दोघं पुन्हा आपापल्या घरात बसून राहिले, असं सगळं मला डोळ्यांपुढं दिसायला लागलं, तशी सुई आणखीच नाचली.

तेवढ्यात सत्यशीला म्हणाली, "साहेब, यंत्र बराबर हाय. आमचे मच्छिंद्रभाऊ मघापासून दारापासून कपाटापर्यंत पळून राह्यले, ते मोजून राह्यलंय."

मला बाहेर लिंबाखाली नेऊन बसवलं (माझ्याच कारखान्यातून, अक्का!). सुई गप झाली. साहेब इतके हसले की ती परत हालली. यंत्र पास! साहेबांनी कचरूची माफी मागितली. त्यानं ती चहा पिऊन झाल्यावर मान्य केली.

तुझा,
मच्छिंद्र

ता.क. साहेबांनी सत्यशीलाला पुण्याला नोकरी देऊ केली. "भाऊ, जाऊ का?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "बेशक जा." राहायची सोय लागेपर्यंत तिला तुझ्याकडं ठेवून घे. नाही म्हणायला आता वेळ नाही. हे पत्र तिच्याच हातानं आलं आहे.

आणखी एक. ती पत्र मोठ्यानं वाचून दाखवायला सांगेल. बाकी सगळं वाच, पण तिचं जायचं ठरल्यावर मी शेडमागं जाऊन रडलो, तेवढं गाळ. तिला तेव्हाच ऐकू गेलं असणार, तरी गाळ.