पेन्सिलीचे गुण

चौथे कलम अर्धे झाले होते तेव्हा माझी पत्नी सुभद्राबाई हिने माझ्या हातातून पेन काढून घेतले. ते आता परत मिळाले आहे, म्हणून नवा कागद घेऊन पहिल्यापासून लिहितो.

ती म्हणाली, "घर लिव्हा, रान लिव्हा. त्यो शाळंचा कागद कावून लिव्हायलाव? पोरांना केजातच राहायचंय."

मी म्हणालो, "मलाही राहायचं होतं. म्हणूनच आजवर लिहिलं नाही."

पेन तिने पिठाच्या डब्यावर ठेवले होते. भाकरीची वेळ झाली तेव्हा ते खाली आले.

मी, धर्मराज माणिकराव गव्हाणे, वय सत्त्याहत्तर, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार केज, जिल्हा बीड, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, उजव्याचे व्हायचे आहे, लिहिण्यापुरते दिसते. हे लिही असे मला कोणी सांगितलेले नाही. लिहू नको असा आग्रह झाला, तो वर नोंदवला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. केजमधील राहते घर मी पगारातून बांधले. ते सुभद्राबाईला तहहयात. तिच्यानंतर मुलगा प्रविण आणि मुलगी वर्षाराणी यांना निम्मे निम्मे. वर्षाराणीने हक्कसोड पत्र करून द्यावे असे प्रविण दर दिवाळीला सुचवतो. तिने करून देऊ नये.

कलम २. गावाकडचे साडेतीन एकर रान प्रविणला. बांधावरचे लिंबाचे झाड चुलत्याच्या मुलाने तोडले, त्यावरून आमचे बोलणे बंद आहे. ते झाड माझ्या आजोबांनी त्याच्याच हद्दीत लावले होते. मोजणी झाली तेव्हा मला कळले होते. प्रविणने त्याच्याशी बोलायला हरकत नाही.

कलम ३. बँकेतील ठेवी सुभद्राबाईला. पुस्तके वर्षाराणीला. शाळेच्या ग्रंथालयाला एकही पुस्तक देऊ नये. तिथल्या कपाटांच्या किल्ल्या मुख्याध्यापक सोमेश्वर यांच्याकडे असतात आणि ते कपाट फक्त तपासणी आली की उघडतात.

कलम ४. लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, सेवापुस्तकाच्या झेरॉक्समध्ये, एक छापील कागद आहे. तो मुलाखतीचा गुणतक्ता आहे. तारीख २१ जून १९९८, रविवार.

त्या वर्षी आमच्या शाळेला मराठीच्या दोन जागा मंजूर झाल्या. एक खुली. दुसरी भटक्या जमाती ड प्रवर्गाची, म्हणजे वंजारी समाजासाठी राखीव. उमेदवार सात होते. निवड मंडळात आम्ही तिघे: संस्थेचे अध्यक्ष राधाकिशन अण्णा, तेव्हाचे मुख्याध्यापक आणि विषयतज्ज्ञ म्हणून मी. ते दोघे आता हयात नाहीत. त्यामुळे जे लिहितो ते माझ्यावर धरावे.

संस्थेत एक पद्धत होती. तक्त्यावर सही पेनाने करायची, गुण पेन्सिलीने टाकायचे. उमेदवार निघून गेले की अण्णा आकडे सांगत. मग खोडून तेच आकडे शाईने लिहायचे. मी अशा अकरा मुलाखतींना बसलो. पद्धत चुकीची आहे हे मला पहिल्याच मुलाखतीला कळले. उरलेल्या दहांना मी पेन्सिल घरून नेली, कारण संस्थेची फार कठीण असे.

त्या दिवशी पहिला पाठ हनुमान बांगर याचा होता. गाव शिरूर कासार तालुक्यात, आईवडील दर हंगामात ऊसतोडीला जाणारे. पाठासाठी रविवारी मुद्दाम बोलावलेल्या नववीच्या वर्गावर त्याने जात्यावरची एक ओवी शिकवायला घेतली. मुलांना विचारले, दळताना ही बाई कोणाशी बोलतेय? मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, जात्याशीच. बांगर थांबला. म्हणाला, "मग माझं उत्तर चुकलंय." आणि त्या मुलाच्या उत्तरावरून त्याने पाठ पुढे नेला. मी ८४ गुण दिले.

दीपमाला केकाण हिने समास शिकवला. फळ्यावर लिहिलेले तिला एकदाही खोडावे लागले नाही. तीही वंजारी, तीही शिरूरकडचीच. तिला ७६.

अण्णांचा पुतण्या सोमेश्वर याने पाठ पुस्तकात पाहून वाचला. त्याला ५१. त्यातले पाच मी अण्णांकडे बघून दिले होते. इतर चौघे पन्नासच्या आत होते.

नियम असा आहे. राखीव प्रवर्गातला उमेदवार सगळ्यांत पहिला आला तर त्याला खुली जागा मिळते. राखीव जागा त्याच्या प्रवर्गातल्या पुढच्या उमेदवाराकडे जाते. म्हणजे बांगर खुल्या जागेवर, केकाण राखीव जागेवर. सोमेश्वर घरी.

अण्णा म्हणाले, "बांगरला घेऊच की सर. पोरगं लई चांगलं हाय. पण त्याची जागा हायच ना येगळी. त्याला तिथं बसवा."

हे ऐकायला वाईट वाटत नव्हते. बांगरला नोकरी मिळत होती.

शाईचे आकडे असे ठरले: सोमेश्वर ८६, बांगर ७९, केकाण ४८. केकाण इतकी खाली का, असे मी विचारले. अण्णा म्हणाले, "पन्नासाच्या खाली असलं की कुनी इचारत न्हाई."

खोडरबर एकच होते. मुख्याध्यापक सावकाश खोडत होते आणि मला गावाकडची एस.टी. गाठायची होती. मी कोरा तक्ता घेतला, शाईने भरला, सही केली, आणि पेन्सिलीचा घडी करून खिशात घातला. त्यात धाडस नव्हते. नंतर फाडायचा विचार होता. पुढे मी तो का फाडला नाही ते मला सांगता येत नाही.

इतिवृत्त माझ्या हातचे आहे. अण्णांनी "मेरिटप्रमाणे" असे सांगितले होते. "गुणवत्तेनुसार" हा शब्द मी घातला. "राखीव प्रवर्गातून श्री. बांगर, खुल्या प्रवर्गातून गुणवत्तेनुसार श्री. सोमेश्वर." वाक्याचा तोल चांगला आहे असे तेव्हा वाटले होते.

त्यानंतर सोमेश्वर मेरिटचा शिक्षक झाला आणि बांगर कोट्यातला. शिक्षक खोलीत हे रागाने बोलले जात नसे. चहा घेताना सोमेश्वर म्हणायचा, "तुमचं बरं हाय बे बांगर. फॉर्म भरला की झालं."

बांगर म्हणाला, "व्हय सर. तुमच्यात फॉर्मबी दुसऱ्यानं भरावा लागतो."

सगळे हसले. मीही हसलो. मला कागद माहीत होता, इतरांना नव्हता. हसणे सारखेच होते. नवीन शिक्षकांशी ओळख करून देताना मी स्वतः म्हणत असे, "आमचे बांगर सर कोट्यातले असूनही फार चांगलं शिकवतात." ते मी कौतुक म्हणून म्हणत होतो. त्याला दरवर्षी शेवटची तुकडी मिळाली. वेळापत्रक मी करीत होतो.

दीपमाला केकाण आता शिरूर कासार तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. तिच्या नावे केजमधला लहान प्लॉट लिहावा असे मनात आले होते. परक्या म्हाताऱ्याने बाईच्या नावे प्लॉट लिहिला तर तिच्या गावात काय बोलतील हे मला माहीत आहे. म्हणून लिहीत नाही; तो प्लॉट सुभद्राबाईलाच. तिची नोकरी गेली, आणि नोकरी मृत्युपत्राने देता येत नाही.

आरक्षण असावे की नसावे, किती असावे, कोणाला असावे, हे ठरवण्याची ही जागा नाही. मी फक्त एवढे लिहितो की त्या दिवशी त्या खोलीत गुणवत्ता होती, मी ती मोजली होती, आणि तिला राखीव जागेवर बसवून खुली जागा आम्ही पुतण्यासाठी राखून ठेवली.

सबब, हा गुणतक्ता माझ्या मृत्यूनंतर वर्षाराणीने श्री. हनुमान बांगर यांना स्वतः नेऊन द्यावा. प्रविणने नेऊ नये. प्रविणचे कृषी सेवा केंद्र आहे आणि सोमेश्वरचे घर त्याचे मोठे गिऱ्हाईक आहे.

कलम ५. नात राजनंदिनी, प्रविणची मुलगी, वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. जुन्या दप्तरात आमच्या पणजोबांची कुणबी नोंद सापडली, त्या दाखल्यावर तिला प्रवेश मिळाला. दाखला मिळेपर्यंत प्रविण ताटावर बसला की म्हणायचा, मार्कावर घ्या, नाही तर घेऊ नका. आता तो दाखला लॅमिनेट करून देवघराशेजारी लावला आहे. मला दाखल्यात गैर वाटत नाही. प्रविणने आधीचे वाक्य एकदा तरी मागे घ्यावे असे वाटते.

या दिवाळीनंतर वसतिगृहातून तिचा फोन आला. म्हणाली, "आजोबा, इथं मला दाखल्यावाली म्हणतेत. शवविच्छेदनाला माझ्या टेबलावर कुणी येत न्हाई." मी त्या दिवशी जेवलो नाही. मग लक्षात आले की बांगरसाठी सत्तावीस वर्षांत माझे एकही जेवण चुकले नव्हते. हे मृत्युपत्र त्या फोननंतर सुरू केले.

राजनंदिनीला माझे मनगटी घड्याळ द्यावे. सेकंदकाटा अजून बिनचूक आहे, नाडी मोजायला चालेल.

कलम ६. माझी शोकसभा शाळेत घेऊ नये. घेतलीच तर सोमेश्वर यांनी बोलू नये. बोललेच तर त्यांनी पाहून वाचू नये.

कलम ७. या मृत्युपत्राची व्यवस्था वर्षाराणीने पाहावी. हे पाच पानी असून स्वदस्तुरचे आहे, खाडाखोड नाही. साक्षीदारांना मी ते मोठ्याने वाचून दाखवले.

वाचन झाल्यावर जे बोलणे झाले तेही लिहून ठेवतो, कारण ते साक्षीदाराचे आहे.

पहिला साक्षीदार आसाराम आमच्या शाळेचा निवृत्त शिपाई. त्या रविवारी दारात स्टुलावर तो बसला होता. तो म्हणाला, "खोडरबर मीच आणलतं सर, दुकानातून. अण्णा म्हणले दोन आण. दुकानदाराकडं एकच व्हतं."

मी म्हणालो, "बरं झालं."

"बरं कशाचं? त्या केकाणबाई गेटपाशी उभ्या व्हत्या. मला इचारलं, मामा, निकाल आजच लागतो का? मी म्हणलं, लागतो की. संध्याकाळपतोर थांबल्या. मीच सांगितलं मग, जावा आता."

हे मला माहीत नव्हते.

सुभद्राबाईने चहा आणला. आसारामने बशीत ओतला आणि म्हणाला, "आन सर, बांगर सर इथं दोन गल्ल्या सोडून राहतेत. तुमी मेल्यावर वर्षाराणीताई लातूरवरून येणार, मग त्यो कागद देणार. त्यापरीस तुमी चालत जाताव की दूध आणाया रोज त्यांच्याच दारावरून."

दुसरा साक्षीदार लखन, झेरॉक्सचे दुकान चालवतो. तो म्हणाला, "आसाराममामा, सही करा. सरांना काय शिकवायलाव?"

"शिकवत न्हाई. त्यानलाच इचारायलोय."

मी हे बोलणे तिथेच लिहून घेतले. आम्ही सह्या केल्या.

मृत्युपत्र करणार: धर्मराज माणिकराव गव्हाणे (सही)

आमच्या समक्ष सही झाली, ती बघून आम्ही आमच्या केल्या:
१. आसाराम, निवृत्त शिपाई, केज (सही)
२. लखन, व्यवसाय झेरॉक्स व टायपिंग, केज (सही)

ठिकाण: केज, जिल्हा बीड
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

पुरवणी, दिनांक १५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

शनिवारी सकाळची शाळा असते. पावणेसातला दुधाची किटली आणि गुणतक्ता घेऊन बांगर यांच्या दारात गेलो. ते बूट घालत होते. मी कागद दिला आणि उभा राहिलो.

त्यांनी तो उजेडाकडे धरून वाचला. "चौऱ्याऐंशी?"

"हो."

"मला वाटलतं पासष्ट-सत्तर. घरात तेवढंच सांगितलंय सगळ्यांना." मग तक्ता पुन्हा वर घेतला. "सत्तावीस वर्षं हा कुठं होता सर?"

"कपाटात."

"आन तुमी शिक्षक खोलीत."

मी हो म्हणालो.

त्यांनी खाली पाहून दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. मग विचारले, "खालचं नाव केकाणबाईंचं. त्यांना दाखवला?"

"नाही."

"मग मला कावून देताव? मला नोकरी मिळाली." त्यांनी कागद माझ्या हातात परत ठेवला. "हा त्यांचा हाय. मला झेरॉक्स चालंल. शाळा साडेअकराला सुटती. बीडला गाडी बदलली की तीनपतोर शिरूरला पोचतो. तुमी तयार राहा. मी एकटा नेणार न्हाई. तुमी सांगायचं, मी ऐकणार."

ते शाळेत गेले. मी लखनच्या दुकानात गेलो. पेन्सिल फार फिकट झाली आहे, झेरॉक्समध्ये आकडे उठेनात. लखनने शाई वाढवून तिसऱ्यांदा काढली, तेव्हा वाचता आले.

कलम ४ मधील गुणतक्त्याची व्यवस्था या सहीने रद्द करीत आहे. बाकी सर्व कलमे कायम. या सहीलाही कालचेच दोघे साक्षीदार आहेत. आसारामने बीडची जीप थांबवून ठेवली आहे, तोही येणार आहे, आणि सुभद्राबाईने तीन माणसांच्या भाकरी बांधून दिल्या आहेत.

धर्मराज माणिकराव गव्हाणे (सही)