उंदीर गेले

अवसरी बुद्रुक,
९ फेब्रुवारी २००४

ती. स्व. इंदरचंदकाका यांस,

जयजिनेंद्र आणि शिरसाष्टांग नमस्कार. मंचरला सगळे बरे असाल. तुमच्या आईंचे गुडघे थंडीत फार दुखतात असं तुमचा विपुल सांगत होता. इकडे आम्ही ठीक. कॉलेजातल्या प्रॅक्टिकल परीक्षांनी मला घाण्याला जुंपलंय, एवढंच.

आईंच्या नावाच्या ट्रस्टनं उसातल्या उंदरांवरच्या माझ्या संशोधनाला मदत दिली, त्याला वर्ष झालं. अहवाल सोबत आहे. पण आधी हे पत्र वाचा.

चांगली बातमी अशी, की घुबडं आली! पारगावला धर्माजींच्या उसात आपण घुबडांना बसायला बांबूचे थांबे रोवले, विहिरीजवळच्या आंब्यावर घरट्यासाठी लाकडी पेटी बांधली, तेव्हा त्यांच्या गोजरबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "उंदरं परवाडली, पन ही अवदसा नगं. लई अपशकुनी पाखरू." पाचव्या आठवड्यात पेटीत जोडी राहायला आली. आता त्याच बाई येणाऱ्याजाणाऱ्याला दटावतात, "हळू बोला राव, आमची पावणी निजल्यात."

मोजणी सोपी आहे. संध्याकाळी सगळी बिळं चिखलानं बुजवायची आणि सकाळी किती उकरलेली दिसतात ते पाहायचं. जूनमध्ये चौसष्ट होती, जानेवारीत एकोणीस. विषाचा कणही न वापरता.

मग एवढे उंदीर गेले कुठं? मला चैन पडेना. शेजारच्या चांगदेवांच्या उसात पाहिलं, तर तिथं बिळं बावीसची चाळीस झालेली. ते करवादले, "बाई, घुबाड त्यांचं आन् उंदरं आमची व्हय?" त्यांचं नुकसान दिसत असूनही मला आनंद झाला. म्हणजे काही उंदीर खरोखरच पळून गेले होते. किती, ते मात्र सांगता येत नाही.

उरलेल्यांचं येतं. घुबडाला हाडं आणि केस पचत नाहीत. त्यांची गोळी करून ते ओकून टाकतं. पेटीखालच्या त्या गोळ्या मी रोज सकाळी वेचल्या, पाण्यात भिजवल्या, सुईनं सोडवल्या. एकीत चिमणीची चोच निघाली तेव्हा तर मी ओरडलेच. बाकी उंदरांच्या कवट्या, बोटाच्या पेराएवढ्या, पिवळ्या दातांच्या. आजवर दोनशे बारा.

काका, अर्जात मी लिहिलं होतं, "विष न घालता उंदीर जातील." तुम्ही ते आईंना वाचून दाखवलंत. त्यांनी मला जवळ बसवून विचारलं, "जातील म्हणजे कुठं जातील गं?" आपल्यात माणूस गेला म्हणतात तेव्हा तो गावाला गेलेला नसतो, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक. मी म्हटलं, "दुसरीकडं. रानात." त्या तुम्हाला म्हणाल्या, "दे मग. तेवढे जीव तरी वाचतील."

घुबड काय खातं हे मला तेव्हाही माहीत होतं. प्राणिशास्त्र शिकवते मी! नरो वा कुंजरो वा म्हणावं, तर धर्मराजानं निदान अर्धं तरी खरं सांगितलं होतं. मी नुसती वेळ मारून नेली. मदतीसाठी, हे आहेच. पण खरं कारण याहून लाजिरवाणं आहे. घुबडं येतात की नाही हे पाहायची मला इतकी ओढ लागली होती, की आईंनी काहीही विचारलं असतं तरी मी त्यांना हवं तेच उत्तर दिलं असतं. जीव मारणं, मारवणं आणि मारण्याला संमती देणं, तिन्हीचं पाप सारखंच, असं त्या मानतात. मी त्यांची संमती फसवून घेतली. याची मला मनापासून लाज वाटते.

चांगदेवांची बिळं पुढं करून आजही निभावून नेता आलं असतं. तसा एक अहवाल लिहिलाही होता. तो फाडला. सोबतच्या अहवालात 'गेले' नाही, 'घुबडांनी खाल्ले' असं लिहिलं आहे. मुखपृष्ठावर आईंचं नाव छापलेलं नाही. ते छापायचं की नाही, त्या ठरवतील.

तुम्ही मदत थांबवलीत तरी घुबडांचं काही अडत नाही, त्यांना ट्रस्ट लागत नाही. माझं काम थांबेल, आणि मला ते फार लागेल.

एकच विनंती. आईंना तुम्ही काही सांगू नका. रविवारी सकाळी त्यांचं सामायिक-ध्यान आटोपलं की मी येते. त्यांनी मला विचारलं होतं, तुम्हाला नाही.

आईंशी खोटं बोललेली,
वृषाली