कालिनाला क्राकूव नीट दाखवणे

१३ ऑक्टोबर, गुरुवार

कालिना आली. कै. भावाची नात, ग्दिनियाहून. पुढच्या वर्षी कॉलेज. क्राकूव की पोझ्नान, हे या मुक्कामात ठरवणार. क्राकूवला आली तर राहील माझ्याकडेच. मागची खोली रंगवून घेतली आहे. मला सोबतीची गरज नाही. खोली नुसती पडून असते, एवढंच.

संकल्प: चौदा चर्च, वावेलचा किल्ला, तटबंदी. ओरडायचं नाही.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

शिक्षक दिन. एकतीस वर्षं इतिहास शिकवला, एकाही विद्यार्थ्याचा फोन नाही. फोन बिघडला असावा.

नऊला निघालो. तीन चर्च झाली. चौकात पर्यटक, म्हणजे मेंढरं. बुरुजावरून तुतारी वाजली आणि रोजच्यासारखी मध्येच तुटली. कालिना म्हणाली, तातारांचा बाण लागला ना पूर्वीच्या तुतारीवाल्याच्या गळ्यात, म्हणून! म्हटलं, ही गोष्ट छापून येऊन जेमतेम शंभर वर्षं झाली, जुन्या कागदांत कुठे आहे ते दाखव. चाळीस मिनिटं समजावलं. ती वर बघून हात हलवत होती. वाजवून झालं की तुतारीवालाही खिडकीतून हात हलवतो. पगारी माणसानं हे करू नये.

वेशीपाशी तेरेसाची गाडी. आमच्याच वरच्या मजल्यावर राहते, खसखस लावलेली पावाची कडी विकते. शिक्षण बेताचं. मला म्हणते कशी, अगं यादविगा, पोरीला चालवून चालवून मारतेस का? ये गं बाळ, गरम आहे, खा. वावेलच्या ड्रॅगनला गंधक भरलेली मेंढी चारून कसा फोडला, ठाऊक आहे का तुला? कालिना खिदळली. इतिहास म्हणे! पाऊण तास गेला. उरलेली अकरा चर्च उद्या.

१५ ऑक्टोबर, शनिवार, सकाळ

आज यादविगांचा नामदिन, म्हणजे कॅलेंडरवर माझ्या नावाच्या संतिणीचा दिवस. वाढदिवस काय, पोरासोरांचेही होतात. नामदिनाला बोलावणं करायचं नसतं. जाण असलेली माणसं आपणहून येतात. चीझकेक केला. बारा कप मांडले. आत्याआजीला या शहरात काय मान आहे, ते कालिनाला कळू दे. चर्च रद्द.

कॅलेंडरवर याच तारखेला तेरेसाही छापतात. छापणाऱ्यांना तारतम्य नाही.

संध्याकाळी साडेपाच

जिन्यावर सारखी पावलं. माझ्या दाराशी हळू होतात, मग चवड्यांवर वर जातात. मजला चुकत असावेत. गेल्या वर्षी तर सगळे आले होते. तेव्हा प्रत्येकाला फक्त पोलंडचे पाच राजे क्रमानं विचारले होते. डॉक्टरांना दोनच आले.

सहा

वर गाणी. आवाज कमी करा म्हणून सांगायला कालिनाला पाठवलं.

आठ

अजून सांगतेच आहे.

१६ ऑक्टोबर, रविवार

स्टेशनवर कालिना म्हणाली, ठरलं, क्राकूवच. म्हटलं, माहीत होतं. तीनच चर्च पाहिली, पण नीट पाहिली. पर्समधून मागच्या खोलीची किल्ली काढली. ती म्हणाली, आत्याआजी, रागावू नकोस हं, मी तेरेसामावशीच्या छोट्या खोलीत राहणार आहे. कालच बोललो आम्ही. तुझ्या डोक्यावरच तर असेन! येता-जाता दार वाजवीन. फक्त राजे विचारू नकोस.

म्हटलं, उत्तम. मला ती खोली वाचनासाठी हवीच होती. तेरेसाच्या छोट्या खोलीत वारा येतो, हे सांगायचं राहिलं. किल्ली हातातच राहिली होती.

परत चौकातून आले. बाराचे टोले पडले. तुतारी तुटली. तुतारीवाल्यानं खिडकीतून हात हलवला. माझा खांदा कालपासून आखडला आहे, म्हणून मीही हात वर केला.

तोवर त्यानं खिडकी लावली होती.