बावीस गोष्टी काढलेली प्रत

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार.

पाय लांब करून बसला असाल, तेव्हा आधी सांगा, गुडघा कसा आहे? (या पत्रात गुडघ्याची चौकशी मी बरोबर तीन वेळा केली आहे. बोटांवर मोजत जा. का, ते शेवटी कळेल.) काकूंना नमस्कार. पत्र नेहमीप्रमाणे शेजारचे औषधवाले दादा वाचून दाखवत असतील, त्यांनाही नमस्कार.

परवा तुम्ही फोनवर म्हणालात, "शाळेच्या चाळीस कॉम्प्युटरवर तुझी ती हलकी सिस्टिम टाकून दे. हेडमास्तरांना शब्द दिलाय मी." मी "बघते" म्हणाले. ते खोटं होतं. मी बघणार नाही. चाळीस सोडा, एकावरही टाकणार नाही. फोनवर तुमच्यापुढे माझी वाचा बसते, म्हणून लिहून कळवते आहे.

गेल्या वर्षी तुमच्या झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की तुम्ही बटण दाबून अंघोळ उरकून यायचात. मला दया आली (तुमची नव्हे, कॉम्प्युटरची). मी सिस्टिममधले खेळ काढले, बातम्या काढल्या, हवामान काढलं, आणि मग हात असा सुटला की अपडेट आणि व्हायरसवर पहारा ठेवणारा भागसुद्धा काढून टाकला. एकूण बावीस गोष्टी. मशीन पळायला लागलं. अडीअडचणीला म्हणून एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवली आणि बजावलं, की मशीनला इंटरनेट जोडू नका आणि पेन ड्राइव्ह कुणाला देऊ नका. "छे गं!" म्हणालात, आणि आठवड्याच्या आत शिंपीमामांना एक आणि औषधवाले दादांना एक अशा प्रती देऊन मोकळे झालात. वर, "आमच्या पोरीनं केलंय, घराण्यात पहिली शिकलेली!" तुम्हाला तरी काय बोलू? उभा जन्म प्रती काढण्यात गेला. प्रत काढली म्हणून मूळ कागद झिजलेला तुम्ही कधी पाहिला नाहीत.

मंगळवारी आमच्या दुरुस्ती केंद्रात ड्रायव्हिंग स्कूलवाले कॉम्प्युटर कडेवर घेऊन आले. शिकणाऱ्यांचे सगळे अर्ज कुलूपबंद, एकही उघडेना. साहेबांनी त्याला स्क्रीन जोडला, आणि कोपऱ्यात माझी चिठ्ठी! (होय, मीच ठेवलेली. काय काय काढलं त्याची क्रमवार यादी, खाली माझं पूर्ण नाव, फोन नंबर आणि "चूक आढळल्यास कृपया कळवावे".) साहेबांनी ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, "चोरसुद्धा इतका नेटका नसतो." मी म्हणाले, "यादी दिली आहे, साहेब. चोर यादी देत नाहीत." मग आम्ही यादी ताडून पाहिली. बावीस गोष्टी नव्हत्या, त्या नव्हत्याच. पण एक जादा होती, जी मी कधी घातलेली नव्हती. वाटेत कुणीतरी घुसडली आणि माझ्या नावानिशी पुढे पाठवली. व्हायरस आला तो तिच्यातून, आणि त्याला अडवणारा पहारेकरी मीच घरी पाठवला होता. साहेबांनी सोमवारपर्यंत मुदत दिली आहे. सगळ्या प्रती पुसून पेन ड्राइव्ह त्यांच्या टेबलावर, नाहीतर माझी नोकरी गेली.

त्या रात्री सिस्टिमबरोबरचा करार वाचला. एक्केचाळीस पानं, तीन वेळा. त्यात सरळ लिहिलं आहे, की बदललेली प्रत वाटायची नाही. आजोबांनी न वाचता अंगठा उठवला आणि राहतं घर गेलं, तेव्हापासून आपल्याकडे वाचून घेतल्याशिवाय सही नाही. आणि तुम्ही झेरॉक्सच्या मशीनपाशी दिवसदिवस उभं राहून जिला शिकवलंत, तिनं "मान्य आहे" हे बटण न वाचता दाबलं. बटण म्हणजे अंगठाच की! त्या उभं राहण्यानंच गेला ना हो गुडघा? डॉक्टरांना दाखवलात का? (दोन.) तुमचे उपकार मला पाठ आहेत, काढून दाखवायची गरज नाही. पण ते काढलेत तरी प्रत मिळणार नाही. हेडमास्तर रागावले तर माझं नाव सांगा; नाहीतरी ते सगळीकडे लिहिलेलं आहेच.

तुमची (या खेपेला न ऐकणारी),
पुतणी

ता. क. : रविवारी येते आहे. तोवर शिंपीमामांचं मशीन आणि पेन ड्राइव्ह दुकानात आणून ठेवा. माझी नोकरी त्यावर आहे. येताना दुसरी एक सिस्टिम आणते. फुकट आहे, हलकी आहे, आणि तिच्या करारातच लिहिलं आहे की खुशाल वाटा. (तोही करार अख्खा वाचला.) शाळेला तीच देऊ.

ता. क. दुसरा : ती जादा गोष्ट औषधवाले दादांच्या मशीनवरची आहे. ड्रायव्हिंग स्कूलवाले सांगतात, प्रत त्यांना दादांनीच दिली, तीही आपल्या आवडीचं काहीतरी फुकटातलं घालून. दादा, तुमचंही मशीन रविवारी दुकानात हवं. आणि एवढा मजकूर गाळून पुढे जाऊ नका. गाळायचं काम एकदा मी करून बसले आहे, आणि यातलं काय गेलं ते काकांच्या बोटांवर कळणार आहे. काका, गुडघा कसा आहे? (तीन.)