रिकाम्या चौकटी रिकाम्याच ठेवाव्यात

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्रेपन्न, शुद्धीत आहे, कोणाच्या धाकात नाही, पण अवघडलेली आहे. कारण आमच्या संशोधन संस्थेने घरून कामासाठी दिलेली ही खुर्ची बसल्या बसल्या खाली जाते. हे मृत्युपत्र लिहायला घेतलं तेव्हा टेबल कमरेशी होतं, आता छातीशी आलं आहे. हनुवटीला लागायच्या आत उरकते.

सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, किरकोळ काम आहे. छाती त्यांची नाही.

कलम १. घर धाकट्या भावाला. "ताई, जन्मभर जंतूंची यादी करत बसलीस," असं तो माझ्याच सोफ्यावर पाय पसरून म्हणतो, म्हणून सोफाही त्यालाच.

कलम २. आता ती यादी. शेजारच्या जिवाणूचा काटा काढायला जिवाणू छोटी छोटी प्रथिनं बनवतात. शेजारधर्म त्यांच्यातही आपल्यासारखाच. नवी औषधं शोधणाऱ्यांसाठी मी ती घरी बसून इंटरनेटवर नोंदवत आले: कोण बनवतं, कुठे सापडलं, कोणाला मारतं. जे कोणी तपासलेलं नाही, त्याची चौकट रिकामी. आमच्या संचालकांना रिकामी चौकट बघवत नाही. "बाई, पाहुणे बघतात, बरं दिसत नाही. संगणकाकडून अंदाज भरून घ्या ना!" पाहुण्यांना बरं दिसावं म्हणून रोग्याने काय घ्यावं, हे त्यांनी सांगितलं नाही.

कलम ३. सबब यादी, पासवर्डसह, संस्थेला नव्हे, भावाच्या मुलीला. ती डेअरीत दूध तपासते. एकदा तिने विचारलं, "आत्या, इथे काहीच कसं नाही गं?"

"कोणी तपासलं नाही."

"मग तपासायचं की! त्यात काय एवढं?"

हे सुचायला संचालकांना अजून दोन बढत्या लागतील. तिने यादी सगळ्यांना फुकट खुली ठेवावी. अंदाज भरायची वेळ आलीच, तर सरळ बंद करावी.

कलम ४. खुर्ची संचालकांना. ती संस्थेचीच आहे, ठाऊक आहे. देण्याचं सुख तेवढं मला घेऊ द्यावं.

कलम ५. मी तपासण्यांसाठी रजेवर असताना पहिल्या नोंदीत "कुठे सापडलं" इथे संचालकांनी परस्पर "संस्थेचा संग्रह" करून टाकलं. धादांत खोटं. तो जिवाणू समोरच्या काकूंच्या नासलेल्या दुधात सापडला. त्या ओतून द्यायला निघाल्या होत्या, मी पातेल्यासकट मागून आणलं. "अगं, चांगलं दूध मागायचं सोडून हे काय नेतेस?" म्हणाल्या. आज ती चौकट मी दुरुस्त केली: समोरच्या काकूंचं नासलेलं दूध.

माझ्यासमोर सह्या केलेले साक्षीदार: तळमजल्यावरचे दंतवैद्य (तोंड बंद ठेवायला या वेळी त्यांना सांगितलं आहे) आणि कोपऱ्यावरची शिंपीण.

स्थळ: हीच खोली, टेबल हनुवटीशी. दिनांक: सोमवारच्या आधीचा शनिवार. सही केली आहे.

ता. क. काकूंचं पातेलं माझ्याकडेच राहिलं होतं. घासलं, ताजं दूध भरलं, त्यांच्या दाराशी ठेवलं आणि बेल वाजवून परत आले.