भिंगावरची तीट

सोमवार, १० नोव्हेंबर
आले एकदाची सौंसरला! खोली लहान आहे, पण खिडकीतून संत्र्याची झाडं दिसतात. बोरगावच्या एका बागाईतदाराची संत्री आता माणसांऐवजी कॅमेरा निवडणार, आणि त्या कॅमेऱ्याला मी शिकवणार. जमलं तर नोकरी पक्की. मग पांढुर्ण्याला सासूबाईंकडे ठेवलेली माझी चार वर्षांची चंचल कायमची माझ्याजवळ. रविवारी ती दिवसभर येणार आहे. घरमालकीण सुनंदाकाकूंनी आल्या आल्या भाकरी-पिठलं दिलं. बाई प्रेमळ, पण लक्ष सगळीकडे.

मंगळवार
कॉम्प्युटरवर ती चित्रं ओळखणारी सॉफ्टवेअर लायब्ररी टाकायची म्हणजे डोक्याला ताप. पायथन या प्रोग्रामच्या भाषेशी तिचं पटेचना. दोनदा काढली, मग कुठे बसली. चाचणी म्हणून चेहरा ओळखणारा प्रोग्राम चालवला. चेहरा दिसला की भोवती हिरवा चौकोन येतो. माझ्याभोवती आला तेव्हा मी एकटीच टाळ्या पिटत बसले.

बुधवार
बागेतून परतले तर कॅमेरा आंधळा. भिंगावर काजळाची तीट! दुसरी किल्ली काकूंकडेच असते. विचारलं तर लाजणं दूरच, म्हणाल्या, "उघडा डोळा कोनालेबी घरात घेते, अमिता. राहू दे तीट." हसावं की रडावं! पुसून टाकली.

गुरुवार
स्क्रीनवर दोन चौकोन. एक माझा, दुसरा मागे दाराजवळ, कमरेएवढ्या उंचीवर, एवढासा. तिथे कुणीच नव्हतं. प्रोग्राम चुकतो कधीकधी. पण मागची भाडेकरू का गेली, हे काकू सांगत नाहीत. मीही जावं असं वाटतंय का त्यांना? भिंगावर पुन्हा तीट. पुन्हा पुसली.

शुक्रवार
लायब्ररी काढून परत टाकली. चौकोन तिथेच. नाही, तिथे नाही. मोठा झालाय. चेहरा जवळ आला की चौकोन मोठा होतो, हे मीच बागाईतदाराला समजावलं होतं.

शनिवार
आता माझ्या खुर्चीशी. वळून पाहिलं, कुणी नाही. काकूंकडे जाऊन रडले. त्यांनी स्वतः तीट लावली. ही असली की ते जवळ येत नाही, म्हणाल्या. शपथ घातली. या वेळी नाही पुसणार. उद्या चंचल येते.

रविवार
आली माझी चंचल! लिहू देत नाही, मांडीवर चढून बसलीय. किती जड झालीय पोर.

ते काळं पूस, म्हणून हट्ट. तिला स्क्रीनवर दिसायचंय म्हणे. पोरीचं मन मोडवेना —

पुसलं.

स्क्रीनवर मी आहे. मांडीवर कुणी दिसत नाही. दुसरा चौकोन तिथेच आहे —

अंगणात काकू कुणाला तरी संत्रं सोलून देतायत. हसली. चंचलचं हसू —

मान वर करत नाही. लिहीत राहते —

आई, दार लाव, म्हणतंय. ती आत यायच्या आधी —

चंचल पायरीवर आलीय. हाक मारतेय मला. ओरडायला तोंड उघडलं, तर माझ्या तोंडावर इवलासा हा